विंचू, सर्पगंधा आणि सायटेशनचा हिशेब



मागच्या व्याख्यानात आपण 'प्रमाण' या विषयावर बोललो. एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं, असा तो प्रश्न होता. व्याख्यान संपलं, मंडळी चहाकडे वळली, तेव्हा एक विद्यार्थिनी आमच्यापाशी आली. इथे सोलापुरातच पीएच.डी. करते आहे. विषय न्यूरोफार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं आणि विषं मेंदूवर व मज्जातंतूंवर कशी काम करतात त्याचा अभ्यास. ती म्हणाली, "सर, तुमचं प्रत्यक्ष, अनुमान, शब्द हे सगळं ठीक आहे. पण आमच्याकडे एकच प्रमाण चालतं. सायटेशन किती आणि एच-इंडेक्स किती. मला गावाकडच्या विषबाधांवर काम करायचं होतं. सगळे सांगतात, त्याला सायटेशन मिळणार नाहीत, अल्झायमर घे. मी काय करू?"

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. औषधशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. पण प्रश्न औषधाचा नव्हताच. कोणाचं म्हणणं किती मोलाचं, हे मोजायचं कसं, असा तो प्रश्न होता, आणि तो आमच्या घरचा आहे. त्या दिवशी आम्ही मुदत मागून घेतली. आज ते देणं फेडायचं आहे.

आधी सायटेशन म्हणजे काय ते पाहू. संशोधक निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचा उल्लेख करतो. तो उल्लेख म्हणजे सायटेशन. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात एक कल्पना मांडली. कोणत्या निबंधाने कोणाचा उल्लेख केला याची सूची करावी, म्हणजे एखादा विचार पुढे कुठे कुठे गेला ते शोधता येईल. साठच्या दशकात ही सूची प्रत्यक्षात आली. हेतू चांगला होता. ती वाट शोधण्याची सोय होती. पण सूची झाली की मोजणी आलीच. नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, हा झाला 'इम्पॅक्ट फॅक्टर'. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठीही एक आकडा सुचवला, तो एच-इंडेक्स. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील तर तुमचा एच दहा. पण आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला पाचशे उल्लेख मिळाले, तरी एच एकच. हिशेब असा आहे.

आता हे आपल्या परंपरेच्या भाषेत मांडून पाहू. न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आणि आप्त कोण? वात्स्यायनाने भाष्यात फार नेमकं सांगितलं आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपण कुळावर ठरत नाही, पदावर ठरत नाही. आजच्या भाषेत, ते विद्यापीठाच्या नावावरही ठरत नाही.

सायटेशन हे शब्दप्रमाणाचंच एक रूप आहे. मी स्वतः पाहिलं नाही, पण अमुक माणसाने पाहिलं, त्याच्यावर विश्वास ठेवून मी पुढे जातो, असं त्यात म्हटलेलं असतं. मात्र सगळेच उल्लेख या भावनेने होत नाहीत. कोणी पद्धत वापरली म्हणून करतो, कोणी गुरूला बरं वाटावं म्हणून, कोणी स्वतःचाच करतो. आणि कोणी खोडून काढण्यासाठी करतो. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाचा उल्लेख पानोपानी असतो. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ उरले नाहीत, त्यांची मतं आपल्याला कळतात ती त्यांचं खंडन करणाऱ्यांमुळे. तेव्हा गारफिल्डची सूची असती तर चार्वाकांचा आकडा चांगलाच भरला असता. पण उल्लेख करणारे सगळे विरोधक होते, हे त्या आकड्याने सांगितलं नसतं.

दुसरं उदाहरण याच क्षेत्राच्या शेजारचं आहे. जगात सर्वांत जास्त उल्लेख झालेला शास्त्रीय निबंध कोणता? न्यूटनचा नव्हे, आइन्स्टाइनचाही नव्हे. ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. लॉरी हे अमेरिकेत सेंट लुईस इथे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मेंदूतल्या अतिसूक्ष्म रासायनिक मापनांचं मोठं काम त्यांनी केलं. पण तीन लाखांवर उल्लेख मिळाले ते एका साध्या कृतीला: द्रावणात प्रथिन किती आहे ते कसं मोजायचं. प्रयोगशाळेत जो तो प्रथिन मोजतो, मोजलं की लॉरींचं नाव लिहितो. हा काही थोर निबंध नव्हे, असं खुद्द लॉरींनीच लिहून ठेवलं आहे. आकडा खोटा नाही, बरं का. ती कृती उपयोगी आहे हे तो खरंच सांगतो. पण त्यावरून लॉरींच्या कामातलं सर्वांत खोल काय, ते कळत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. विंचू चावणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कडब्याची गंजी उपसताना, गोवऱ्या काढताना, अंधारात चपलेत पाय घालताना. आमच्या लहानपणी विंचू उतरवणारा माणूस गावोगाव असायचा. बरेच रुग्ण नुसत्या वेदनेवर निभावून जात, म्हणून त्याचं नाव टिकून होतं. पण कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि विशेषतः मुलं दगावत होती.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात १९५१ मध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. हाताशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी काय केलं? रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं आणि लिहून ठेवलं. उलटी कधी झाली, घाम किती आला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी कशी, रक्तदाब कसा. हे प्रत्यक्ष प्रमाण. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की दंशानंतर उलट्या, घामाने निथळणं, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांत लिंगाला आलेली ताठरता ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना असते. हे निरीक्षण १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण इथेच न्यूरोफार्माकॉलॉजी येते. मज्जातंतूत संदेश धावतो तो सोडियमच्या कणांची दारं उघडल्यामुळे. ती क्षणात उघडतात आणि क्षणात मिटतात. लाल विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. मग तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो, आणि ज्या स्वायत्त मज्जासंस्थेवर आपला ताबा नसतो तिच्यात वादळ उठतं. ॲड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. त्या काळी अशा रुग्णाला ॲलर्जीवरची आणि सूज उतरवणारी इंजेक्शनं देत. त्यांचा या वादळाशी काही संबंधच नव्हता.

प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध. रक्तवाहिनीवर आल्फा-वन नावाचे ग्राहक असतात, ॲड्रिनलीनसारखी द्रव्यं तिथे बसली की वाहिनी आवळते. प्राझोसिन ती जागा अडवतं. बावस्करांनी अनुमान केलं: कारण जर हे असेल, तर उपाय हा असला पाहिजे. तोंडाने घ्यायची गोळी, कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्यासारखी. त्यांनी ती वापरली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष दिले. या गोळीच्या आधीच्या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांतले सुमारे ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आलं. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या, पुढच्या निबंधांवर दोघांची नावं आहेत.

आता सायटेशनच्या बाजूने बघा. विंचवाचा दंश हा गरिबाचा, उष्ण प्रदेशातला, शेतातला आजार. त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्या. उल्लेख करायला माणसंच कमी, तर उल्लेख कुठून येणार? अल्झायमरवर हजारो लोक लिहितात, ते एकमेकांचे उल्लेख करतात. आकड्यात फरक पडतो तो आधी गर्दीचा असतो, मोलाचा असेलच असं नाही.

आणि आणखी एक गंमत आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिलं की एखादं ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडलं की मूळ माणसाचा उल्लेख होणं थांबतं. ज्ञान सामावून जातं आणि नाव पुसलं जातं. आज एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर आणलं आणि तिथल्या तरुण डॉक्टरने प्राझोसिनची गोळी दिली, तर तो काही १९८६ च्या निबंधाचा उल्लेख करत नाही. पोर सकाळी उठून दूध मागतं. या घटनेची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. प्रभाव सर्वांत जास्त असतो तिथे उल्लेख शून्य असू शकतो.

मग सायटेशन निरुपयोगी म्हणायचं का? नाही. घाई करू नका. दुसरी बाजू सर्पगंधेच्या गोष्टीत आहे.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे सर्पदंशावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी शतकानुशतके वापरात होतं. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलं की हे मूळ उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुण देतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण बाहेरच्या जगाने ते फारसं वाचलं नाही. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, तेव्हा जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. पुढे न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ मध्ये वकील आणि क्लाइन दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे थांबत नाही. १९५५ मध्ये दिसून आलं की रेसर्पिन दिल्यावर सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपा दिलं आणि ते उठून हिंडू लागले. त्यातून डोपामिनचं महत्त्व कळलं, पार्किन्सनच्या कंपवातावर एल-डोपाचा उपचार आला, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. आज एल-डोपावर लिहिणारा माणूस कार्लसन यांचा उल्लेख करील, पण वकिलांचा करणार नाही, सेन आणि बोस यांचा तर नाहीच. उल्लेख एक-दोन पायऱ्या मागे जातो, मुळापर्यंत जात नाही.

पण १९३१ आणि १९४९ यांतला फरक लक्षात घ्या. मधल्या अठरा वर्षांत रक्तदाबाचे किती रुग्ण या औषधाविना राहिले असतील? ज्ञान खरं असून भागत नाही, ते पोचावं लागतं. बावस्करांनी महाडला बसून 'लॅन्सेट'साठी लिहिलं म्हणूनच दुसऱ्या प्रांतांतल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि आपल्या रुग्णांवर पडताळून पाहिलं. तेव्हा छापणं, वाचलं जाणं, उल्लेख होणं हा रस्ता आहे. त्याची किंमत आहे. चूक कुठे होते? रस्त्याची लांबी मोजून मुक्कामाला पोचलो असं म्हणतो तिथे.

न्यायदर्शनात याला उत्तर आहे. ज्ञान खरं कशावरून, तर त्यावर भिस्त ठेवून केलेली कृती सफल होते यावरून. याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. दुरून पाणी दिसलं, जवळ जाऊन प्यायलो, तहान भागली, तर ते पाणी होतं. नाही तर मृगजळ. न्यायसूत्रांत शब्दाच्या प्रामाण्यासाठी दाखला दिला आहे तोही मंत्र आणि आयुर्वेद यांचाच, आणि भाष्यकाराने त्या मंत्रांत विष उतरवणाऱ्या मंत्रांचा उल्लेख केला आहे. मंत्राने विष उतरतं असं आम्ही म्हणत नाही. पण कसोटी बघा कुठली लावली आहे: गुण आला का? किती जण म्हणाले, ही कसोटी नाही.

आणि या कसोटीला बावस्कर स्वतःही उभे राहिले. २०११ मध्ये त्यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झालं होतं. त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही दिलेल्यांतले ३२ पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवाल्यांतले ८. म्हणजे ज्या औषधाने नाव दिलं, ते एकटं पुरेसं वेगाने काम करत नाही, हे त्यांनी स्वतःच मोजून जगाला सांगितलं. जसं जाणलं तसं सांगण्याची इच्छा, ती ही. वात्स्यायनाच्या व्याख्येचा हा दुसरा अर्धा भाग कोणत्या इंडेक्समध्ये मोजतात? २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण आमच्या लेखी त्यांचं आप्तपण या निबंधाने सिद्ध झालं.

आता एक कबुली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांकन आणलं. निबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके. त्यानंतर एका निवड समितीवर आम्ही बसलो होतो. महाविद्यालयाचं नाव सांगण्याचं कारण नाही. दोन उमेदवार होते. एकाचे वीसच्या वर निबंध, दुसरीचे चार. आमच्यापुढे तक्ता होता, बेरीज तयार होती. आम्ही कोणीही एकसुद्धा निबंध वाचला नाही. सही केली आणि जेवायला गेलो. निवृत्तीनंतर कधीतरी त्या बाईंचे चारही निबंध हाती आले. प्रत्येक पानावर माणूस स्वतः विचार करत होता. दुसऱ्याचे वीस आम्ही मग मुद्दाम मिळवून चाळले. एकच निबंध नाव बदलून फिरत होता, आणि छापणारी नियतकालिकं पैसे भरले की छापणारी. २०१८ मध्ये आयोगाला आपल्या यादीतून चार हजारांवर नियतकालिकं काढावी लागली, ती काही उगीच नाही. पण आमची चूक आयोगाच्या माथी मारता येत नाही. वाचणं हे आमचं काम होतं. आकड्याने आम्हाला वाचण्यापासून सुटका दिली आणि आम्ही ती आनंदाने घेतली.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आमचं उत्तर असं. ती आज समोर बसली आहे, तिलाच सांगतो.

बाळ, तुला नोकरी मिळवायची आहे, घर चालवायचं आहे, तेव्हा आकड्यांकडे पाठ फिरव असं सांगणं हा पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्याचा अगोचरपणा होईल. आकडा समजून घे, चांगल्या ठिकाणी छाप, लोकांपर्यंत पोच. पण विषय निवडताना तीन प्रश्न विचार. हे मी स्वतः पाहू शकते का? पाहिलं तसंच, माझ्याविरुद्ध गेलं तरी, सांगू शकते का? आणि माझं सांगणं खरं धरून कोणी काही केलं, तर कोणाचा तरी त्रास कमी होईल का? अल्झायमरबाबत तिन्हीची उत्तरं 'हो' आली तर अल्झायमर घे, तोही खराच आजार आहे. पण तुझ्या तालुक्याच्या दवाखान्यात फवारणीच्या औषधाने, सापाने, विंचवाने झालेली विषबाधा रोज येत असेल, आणि ती नीट पाहून लिहिणारं कोणी नसेल, तर तिथे तुझ्यापेक्षा जवळचा आप्त दुसरा कोण आहे?

आणि समित्यांवर बसणारी जी मंडळी हे ऐकत आहेत, त्यांना एकच विनंती. उमेदवाराचा निदान एक निबंध घरून वाचून जा. तेवढ्याला अर्धा तास पुरतो. आमच्याकडे तो होता.

प्रश्न असतील तर आता विचारा.